क्षमापत्रातला कर्ता

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान झाले की तुळशीपाशी पायाच्या अंगठ्याने कारिट फोडावयाचे, त्याचा कडू थेंब जिभेला लावावयाचा आणि मगच फराळाच्या ताटाकडे वळावयाचे, अशी आपल्याकडे जुनी चाल आहे. दिवाळी अंकाच्या भरल्या ताटात मी आज जो विषय वाढणार आहे, तो वाचकांनी त्या कारिटासारखा समजावा. थेंब कडू आहे, पण तो जिभेला लावल्याने पुढच्या गोडाची चव बिघडत नाही, असा आपल्या वाडवडिलांचा अनुभव आहे.

विषय आहे क्षमापत्रांचा. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत जगात एक नवाच वाङ्मयप्रकार रूढ झाला आहे. सरकारे, विद्यापीठे, वस्तुसंग्रहालये, धर्मपीठे आणि विद्वानांची मंडळे आपल्या पूर्वसूरींनी आदिवासींवर केलेल्या अत्याचारांबद्दल जाहीर क्षमा मागू लागली आहेत. ही पत्रे जपून लिहिलेली असतात, समारंभाने वाचली जातात आणि दप्तरात कायमची ठेवली जातात. जे लिहिले व वाचले जाते त्याची समीक्षाही व्हावयास हवी, असे मला वाटते. मी कादंबऱ्या लिहितो आणि पोटासाठी शाळेत मराठी शिकवतो. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकच्या पुढे गेलेले नाही. तेव्हा इतिहासकाराचा अधिकार मी सांगत नाही. एक वाचक म्हणून, आणि वर्षानुवर्षे प्रयोग व विभक्ती शिकवणारा मास्तर म्हणून, ही पत्रे मला कशी दिसली तेवढेच सांगतो.

आपल्या भाषेत चूक कबूल करण्याच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. वाण्याच्या बिलाच्या तळाशी ‘चू. भू. द्या. घ्या.’ असे छापलेले असते. त्यात चूक झाली असे कोणीच म्हणत नाही. झालीच असली तर उभयतांनी सांभाळून घ्यावे, एवढाच तो करार. त्याच्या वरची पायरी दिलगिरीची. नावात छपाईची चूक झाली की संपादक दिलगीर होतात. मन दुखले हे सांगून झाले, पण हात कोणापुढे जोडले नाहीत. त्याच्याही वर क्षमा. ती मागावी लागते. मागणारा खाली उभा असतो, देणारा वर असतो, आणि मागितलेले मिळेलच असे नसते. संस्थांच्या क्षमापत्रांतला तिढा हा की, त्यांना पुष्कळदा पहिल्या पायरीवर उभे राहून तिसऱ्या पायरीचे पुण्य हवे असते.

हे नीट कळावे म्हणून आधी मूळ अपराध कोणता, ते पाहू. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेस टास्मानिया नावाचे बेट आहे. आकाराने महाराष्ट्राच्या सुमारे पाचव्या हिश्शाएवढे. इंग्रजांनी तेथे १८०३ साली वसाहत केली. पुढच्या तीस वर्षांत गोळीने, रोगाने आणि उपासमारीने तेथल्या मूळ रहिवाशांची दाणादाण उडाली. उरलेल्यांना फ्लिंडर्स नावाच्या दुसऱ्या बेटावर नेऊन ठेवले गेले, आणि १८४७ साली तेथून परत आणले तेव्हा ती माणसे अवघी ४७ होती. ट्रुगनिनी ही बाई त्यांतलीच. तिचा जन्म १८१२च्या सुमारास ब्रूनी बेटावर झाला होता.

१८६९च्या मार्चमध्ये विल्यम लॅन नावाचा एक आदिवासी तरुण होबार्ट शहरात वारला. देवमाशांची शिकार करणाऱ्या जहाजांवर तो खलाशी होता. हा टास्मानियाचा ‘शेवटचा’ आदिवासी पुरुष, अशी विद्वानांची समजूत असल्यामुळे तो जिवंत असताना त्याला नव्हता तेवढा मोल त्याच्या हाडांना आला. विल्यम क्रौदर या शल्यवैद्याने रात्री शवागारात शिरून त्याची कवटी काढून नेली आणि तिच्या जागी दुसऱ्याच कोणाची कवटी बसवली, असा त्याच्यावर आळ आला. ही गोष्ट कळताच, क्रौदरला सांगाडा पुरा मिळू नये म्हणून, रुग्णालयातल्या स्टोकेल नावाच्या डॉक्टराने रॉयल सोसायटी ऑफ टास्मानिया या विद्वन्मंडळासाठी लॅनचे हात आणि पाय कापून घेतले. उरलेला देह पुरला, आणि तोही रात्रीच उकरला गेला. क्रौदरला रुग्णालयातून दूर केले. पण १८७८ साली तोच टास्मानियाचा मुख्यमंत्री झाला, आणि १८८९ साली होबार्टच्या भर चौकात त्याचा पुतळा बसला.

हे सारे ट्रुगनिनीच्या हयातीत घडले, तिच्या कानांवर आले. तेव्हापासून तिला मरणाची नव्हे, मरणानंतरची भीती बसली. आपल्याला कापू नका, आपला देह सामुद्रधुनीच्या खोल पाण्यात सोडा, अशी विनवणी तिने केली. ८ मे १८७६ रोजी ती वारली. दोन वर्षांनी, १८७८ साली, रॉयल सोसायटीने सरकारची परवानगी काढून तिचा देह उकरला. अट अशी होती की हाडे शास्त्राच्या कामासाठी जपून ठेवावीत, लोकांपुढे मांडू नयेत. ती अटही पाळली गेली नाही. १९०४ पासून १९४७ पर्यंत तिचा सांगाडा होबार्टच्या संग्रहालयात येणाऱ्या-जाणाऱ्यांना पाहण्यासाठी उभा होता.

आपल्याकडे दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना, की मागे राहिलेली माणसे हात जोडून विचारू लागतात, ‘कशात जीव अडकला आहे?’ मग कोणी म्हणते, मुलीचे लग्न आम्ही करू. कोणी म्हणते, कर्ज आम्ही फेडू. ट्रुगनिनीचा जीव कशात अडकला होता ते शोधण्याचीही गरज नव्हती. ती स्वतःच सांगून गेली होती. तरी तिच्या अस्थींचे दहन होऊन रक्षा त्या सामुद्रधुनीत पडावयास १९७६ साल उजाडले. मृत्यूला शंभर वर्षे भरत आली होती. तेवढ्यानेही ती पुरी सुटली नाही. तिचे केस आणि कातडीचा तुकडा लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समध्ये होता, तो २००२ साली परत आला.

या कथेत आणखी एक अपराध आहे आणि तो सहज नजरेआड होतो. ट्रुगनिनी ही आपल्या जातीची शेवटची, असे या विद्वानांनी जगाला सांगितले आणि पाठ्यपुस्तकांनी ते पिढ्यान्‌पिढ्या घोकून घेतले. ते खोटे होते. टास्मानियाच्या आदिवासी बायांची मुले-नातवंडे बेटाबेटांवर नांदत होती, आजही नांदत आहेत. फॅनी कॉक्रन स्मिथ नावाच्या बाईने १८९९ व १९०३ साली आपल्या भाषेतली गाणी मेणाच्या नळकांड्यांवर म्हणून ठेवली. त्यांपैकी पहिली गाणी खुद्द रॉयल सोसायटीनेच ध्वनिमुद्रित केली होती. गाणारी समोर उभी आहे, आणि तिच्या माणसांचा वंश संपला असे ऐकणारे विद्वान सांगत आहेत! हाडे चोरणे हा मेलेल्यांचा अपराध होता. ‘तुम्ही नाहीच’ असे म्हणणे हा जिवंतांचा.

आता क्षमापत्राकडे वळू. १५ फेब्रुवारी २०२१ रोजी रॉयल सोसायटी ऑफ टास्मानिया आणि टास्मानियाचे सरकारी वस्तुसंग्रहालय या दोन्ही संस्थांनी होबार्टमध्ये तेथल्या आदिवासी समाजाची जाहीर क्षमा मागितली. थडगी उकरली, अवशेष गोळा केले, ते दुसऱ्यांना पोहोचवले, हे त्यांनी कबूल केले. या जातीच्या पत्रांत मी हे वरच्या प्रतीचे मानतो. कारण सोपे आहे. ही सोसायटी १८४३ साली स्थापन झाली. ब्रिटनबाहेरची ही पहिली रॉयल सोसायटी, याचा तिला सार्थ अभिमान आहे. ज्या नावाने तो अभिमान मिरवावयाचा त्याच नावाने तिने अपराधही आपल्या पदरी घेतला. वाक्यात कर्ता आला.

या कर्त्यासाठी मी एवढा का अडून बसतो ते सांगितले पाहिजे. वर्गाच्या खिडकीची काच फुटली की कोणताही मास्तर विचारतो, ‘काय झाले?’ आणि कोणताही मुलगा सांगतो, ‘सर, काच फुटली.’ ‘मी फोडली’ असे म्हणणारा मुलगा दहा वर्षांत एखादा भेटतो. फुटणे आणि फोडणे, तुटणे आणि तोडणे, सुटणे आणि सोडणे अशा जोड्या आपल्या भाषेने करून ठेवल्या आहेत. ‘रामाने रावण मारला’ हा कर्मणी प्रयोग खरा, पण त्यात राम ठाण मांडून उभा आहे. ‘रावण मारला गेला’ म्हटले की राम पडद्याआड जातो. व्याकरणाने दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत. क्षमापत्रात मात्र दुसरे वाक्य चालत नाही.

ऑस्ट्रेलियाच्या संसदेने ही दोन्ही वाक्ये नऊ वर्षांच्या अंतराने लिहिली आहेत, म्हणून ती शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहेत. विसाव्या शतकाच्या पहिल्या सत्तर वर्षांत तेथल्या सरकारांनी हजारो आदिवासी मुले आईबापांपासून तोडून अनाथालयांत आणि मिशनांत ठेवली. त्याची चौकशी होऊन १९९७ साली मोठा अहवाल निघाला व त्यात क्षमा मागावी अशी शिफारस होती. पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी ती मागावयास नकार दिला. २६ ऑगस्ट १९९९ रोजी संसदेने त्यांचा जो ठराव मंजूर केला, त्याचा आशय असा : मागच्या पिढ्यांच्या प्रथांमुळे आदिवासींना अन्याय सोसावा लागला, याचा आम्हांला मनापासून खेद होतो. या वाक्यात सोसणारे आहेत, खेद करणारे आहेत. करणारे मात्र कोठे नाहीत. अन्याय जणू पावसासारखा वरून पडला. ही दिलगिरी झाली, आणि दिलगिरी म्हणून ती खोटी नव्हती. पण काच फुटलीच होती, कोणी फोडली नव्हती.

१३ फेब्रुवारी २००८ रोजी केव्हिन रड या नव्या पंतप्रधानांनी त्याच संसदेत दुसरा ठराव मांडला. एकामागून एक आलेल्या संसदांनी व सरकारांनी केलेले कायदे आणि धोरणे यांबद्दल, आणि विशेषतः मुले काढून नेल्याबद्दल, आम्ही क्षमा मागतो, असे त्यात म्हटले होते. कायदा करणारी संसद स्वतःचे नाव घेऊन बोलत होती. आयांना, बापांना, भावांना, बहिणींना वेगवेगळे उद्देशून ‘सॉरी’ म्हटले गेले. ही पुनरुक्ती भाषणबाजीची नव्हे. ज्याचे नाते तुटले त्याला त्या नात्याने हाक मारणे होते.

तथापि समीक्षकाने या ठरावातही दोन गोष्टींपाशी थांबावे. एक म्हणजे, राष्ट्राने आता नवे पान उलटावे अशी त्यात भाषा आहे. पान ज्याने काळे केले त्याने ते उलटण्याची घाई करू नये. दुसरी गोष्ट भाषेच्या स्वभावाची आहे. इंग्रजीत अपॉलॉजी ‘देतात’, आणि दिलेली वस्तू ज्या भावनेने दिली त्या भावनेने घ्यावी, अशी विनंतीही त्या ठरावात आहे. आपण क्षमा देत नाही, मागतो. देणगी म्हणून आलेली क्षमा नाकारणारा कृतघ्न ठरतो. मागितलेली क्षमा नाकारण्याचा अधिकार मात्र अबाधित राहतो. हा फरक मला फार मोलाचा वाटतो.

पण त्याच ‘सॉरी’ या शब्दाला आदिवासींच्या बोलण्यातल्या इंग्रजीत एक वेगळा अर्थ आहे, आणि तो कळल्यावर मी हे सारे पुन्हा वाचले. त्यांच्यात ‘सॉरी बिझनेस’ म्हणजे मृत्यूनंतरचे शोकाचे विधी. कोणी गेले की दूरदूरची माणसे कामधंदा टाकून येतात आणि दुःखात बसतात. आपल्या भाषेत याला नेमका शब्द आहे : समाचाराला जाणे. समाचाराला जाणारा स्वतः जातो, निरोप धाडत नाही. फारसे बोलत नाही. यजमानाकडून काही मागत नाही. आणि ‘झाले ते झाले, आता पुढचे बघा’ हे वाक्य म्हणावयाचेच असेल तर ते घरच्या वडीलधाऱ्याने म्हणावयाचे असते, आलेल्याने नव्हे. रड यांच्या शब्दाचे स्वागत डोळ्यांतल्या पाण्याने झाले, त्याचे कारण मला येथे सापडते. ऐकणाऱ्यांनी त्यात अपॉलॉजीपेक्षा समाचार ऐकला असावा.

कर्ता लपवण्याची आणखी एक तऱ्हा आहे, ती म्हणजे धाकटा कर्ता पुढे करणे. कॅनडात दीड लाखांहून अधिक आदिवासी मुलांना वसतिशाळांत ठेवून त्यांची भाषा आणि घर तोडण्यात आले. त्या शाळांपैकी पुष्कळ कॅथलिक चर्चने चालवल्या. २५ जुलै २०२२ रोजी पोप फ्रान्सिस वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी, चाकाच्या खुर्चीतून, अल्बर्टा प्रांतातल्या आदिवासींच्या मुलखात जाऊन बसले. जाण्याची पायरी त्यांनी पुरी केली, आणि ती लहान नव्हे. परंतु त्यांनी क्षमा मागितली ती अनेक ख्रिस्ती व्यक्तींनी केलेल्या दुष्कृत्यांबद्दल. व्यक्तींनी; चर्चने नव्हे. या प्रकरणाच्या सत्यशोधन आयोगाचे प्रमुख असलेले न्यायमूर्ती मरी सिंक्लेअर यांनी नेमके यावरच बोट ठेवले. ते स्वतः आदिवासी होते. त्यांना वाक्य कसे वाचावे हे कोणी शिकवण्याची गरज नव्हती.

आता दोन आक्षेपांचा विचार केला पाहिजे, कारण दोन्ही प्रामाणिक आहेत. पहिला हॉवर्ड यांचा : जे आम्ही केले नाही, जे थांबवणे आमच्या हातात नव्हते, त्याबद्दल आजच्या पिढीने अपराधी का व्हावे? माणसापुरता हा प्रश्न बरोबर आहे. आज्याच्या खुनाबद्दल नातवाला फाशी देत नाहीत. पण बापाचे घर वारशाने घेतले की त्यावरचे गहाणही घ्यावे लागते. ओटी-माजघर माझे आणि सावकाराचा कागद तेवढा बापाचा, असे म्हणता येत नाही. शिवाय संस्था मरत नसते. तिचे नाव तेच, शिक्का तोच, तळघरातली कपाटे तीच. ज्या दिवशी कपाटाची किल्ली नव्या अध्यक्षाच्या हाती येते, त्या दिवशी आतल्या हाडांचा धनी तो होतो. उद्या ती हाडे आत राहिली तर ती त्याने ठेवलेली असतील.

दुसरा आक्षेप शास्त्राचा आहे आणि तो मला अधिक अवघड वाटतो. हाडे परत करून पुरली तर ज्ञानाचे काय? न्यू साउथ वेल्समधल्या मंगो सरोवराच्या कोरड्या पात्रापाशी भूशास्त्रज्ञ जिम बोलर यांना १९६८ साली एका स्त्रीचे आणि १९७४ साली एका पुरुषाचे अवशेष सापडले. ते सुमारे ४०,००० वर्षांपूर्वीचे आहेत. पुरुषाच्या देहावर गेरू पसरलेला होता, स्त्रीचे दहन झाले होते. म्हणजे इतक्या प्राचीन काळी माणसे आपल्या मृतांना निगुतीने निरोप देत होती. हे आपल्याला कळले ते शास्त्रामुळेच, हे मान्य केले पाहिजे. पण या शोधाचा अर्थ तरी काय निघाला? हाच की त्या माणसाला कोणीतरी विधिपूर्वक पुरले होते, उघडे टाकले नव्हते. कॅनबेराच्या राष्ट्रीय विद्यापीठाने २०१५ साली क्षमा मागून त्याचे अवशेष सोडले आणि २०१७ साली ते शववाहिनीतून मंगोला परत गेले. त्यांनी घरी जावे असा आग्रह धरणाऱ्यांत स्वतः बोलरही होते. शास्त्र म्हणजे हट्ट नव्हे, हे त्यांनी दाखवून दिले.

हट्ट कसा असतो तेही पाहावयास मिळते. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमने टास्मानियाच्या १७ आदिवासींचे अवशेष परत करण्याचे ठरवले, पण त्याआधी त्यांचे नमुने काढून तपासून घेऊ म्हणाले. आदिवासींना २००७ साली कोर्टात जावे लागले. पुढे मध्यस्थीने तोडगा निघून अवशेष घरी गेले. उसनी नेलेली वस्तू परत करतानाही शेवटचा उपयोग करून घेण्याची ही वृत्ती. आणि येथे तर वस्तू उसनीही नव्हती.

या शास्त्राच्या कपाटाशी आपल्या मराठी वाङ्मयाचाही एक धागा आहे. ‘युगांत’कर्त्या इरावतीबाई कर्वे १९२८ साली मानववंशशास्त्र शिकण्यासाठी बर्लिनला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर. पुढे नाझींच्या वंशशास्त्राला ज्यांनी विद्वत्तेचे कपडे चढवले तेच हे. त्यांनी बाईंपुढे दीडशेच्या आसपास कवट्या ठेवल्या, गोऱ्यांच्या आणि इतरांच्या. गोऱ्यांच्या कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतल्या फरकात त्यांच्या श्रेष्ठत्वाची खूण सापडेल, अशी अपेक्षा होती. बाईंनी मापे घेतली आणि वंशाचा या फरकाशी संबंध दिसत नाही, असे प्रबंधात लिहिले. परक्या देशात, एकट्या, परीक्षकाच्या मताविरुद्ध! मराठी माणसाने या गोष्टीचा अभिमान बाळगावा. पण माप खरे निघाले म्हणून त्या कवट्या घरी गेल्या नाहीत. त्या कोणाच्या, हा प्रश्न त्या काळी त्या शास्त्रात कोणी विचारीतच नव्हते. खरे बोलणारे शास्त्रही मृताला त्याचे नाव देत नाही. ते काम दुसऱ्याच कोणाला करावे लागते.

बर्लिनच्या अशा संग्रहांतल्या पुष्कळ कवट्या जर्मन वसाहतींतून आल्या होत्या. सप्टेंबर २०११ मध्ये तेथल्या शारिटे या रुग्णालयाने नामिबियाच्या हेरेरो आणि नामा लोकांच्या २० कवट्या परत केल्या. त्यांच्या मुलखात १९०४ ते १९०८ या काळात जर्मन सैन्याने भयंकर संहार केला होता. रुग्णालयाच्या प्रमुखांनी क्षमा मागितली. जर्मन सरकारच्या मंत्रीणबाईही बोलल्या, पण सरकारच्या वतीने क्षमेचा शब्द आला नाही. निषेध सुरू झाला आणि बाई सभागृहातून निघून गेल्या. एकाच व्यासपीठावर एक कर्ता उभा राहिला आणि दुसरा उठून गेला, हे दृश्य कादंबरीत घातले असते तर वाचक म्हणाले असते, लेखकाने ओढूनताणून आणले.

पत्र चांगले असले तरी पुढे काय, हा घरातल्या कोणत्याही जाणत्या बाईचा प्रश्न मला समीक्षेचाच भाग वाटतो. टास्मानियाच्या सरकारी संग्रहालयाने क्षमापत्रानंतर पुढच्याच वर्षी, प्रेमिन्घाना येथून १९६०च्या दशकात तोडून आणलेल्या कोरीव शिळा परत केल्या. पत्राला क्रियापद मिळाले. रड यांच्या ठरावानंतर मात्र केंद्र सरकारने आपल्या ताब्यातल्या प्रदेशांतून नेलेल्या मुलांसाठी भरपाईची योजना जाहीर करावयास ऑगस्ट २०२१ उजाडले. तेरा वर्षांत किती म्हातारी माणसे वाट पाहता पाहता गेली असतील, त्याचा अंदाज ज्याने त्याने करावा. आदिवासींचे म्हणणे संसदेपुढे मांडणारे एक मंडळ राज्यघटनेत असावे, हा प्रस्ताव १४ ऑक्टोबर २०२३ रोजी ऑस्ट्रेलियाच्या सुमारे साठ टक्के मतदारांनी फेटाळला. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये राजे चार्ल्स कॅनबेराच्या संसदेत आले असता लिडिया थॉर्प या आदिवासी सिनेटरबाईंनी भर समारंभात ओरडून मागणी केली : आमची जमीन, आमची हाडे, आमच्या कवट्या, आमची मुले परत द्या. कोणाला तो आवाज असभ्य वाटला. मला त्यात एवढेच दिसले की इतक्या क्षमापत्रांनंतरही यादी तीच होती.

या साऱ्या वाचनात मला सर्वांत चांगले वाटलेले क्षमापत्र कागदावर नाही. ते रड यांच्या भाषणात एका बाजूला येते. नंगला फेजो या ऐंशीच्या घरातल्या बाईंची हकीकत त्यांनी सांगितली. १९३२च्या सुमारास, त्या चारेक वर्षांच्या असताना, सरकारी माणसे मालमोटार घेऊन मुले न्यावयास आली. बरोबर घोड्यावर बसलेला एक आदिवासी गुराखी होता. त्याने लपलेली मुले शोधून दिली. पुढे त्या मुलांना तीन रांगांत उभे करून, ही रांग कॅथलिक, ही मेथॉडिस्ट, ही इंग्लंडच्या चर्चची, असे धर्म वाटून देण्यात आले. त्या मुलीला आई पुन्हा दिसली नाही. पुष्कळ वर्षांनी तो गुराखी या बाईंना शोधत आला आणि ‘मला क्षमा कर’ म्हणाला. बाईंनी त्याला क्षमा केली.

त्या गुराख्याजवळ सबबींची वाण नव्हती. हुकूम वरून आला होता, तो पोटासाठी चाकरी करीत होता, तो स्वतःही त्याच दुबळ्या लोकांपैकी होता. यातले काही न सांगता तो शोधत गेला. सरकार, विद्यापीठ, संग्रहालय यांना गुराखी होता येणार नाही, हे मला कळते. पण शोधत जाणे त्यांनाही जमते. अवशेषांच्या चिठ्ठ्या वाचून त्यांचे गाव काढणे, त्या गावी जाणे, काय करावे हे त्यांनाच विचारणे, आणि ते म्हणतील तोवर थांबणे, एवढे सारे संस्थेच्या आवाक्यातले आहे. परदेशांतून दीड हजारांहून अधिक पूर्वज ऑस्ट्रेलियात परत आले आहेत, ते याच कष्टाने.

पण काही कपाटांत अशीही हाडे आहेत की त्यांच्यावरची चिठ्ठी हरवली आहे, किंवा जमवणाऱ्याने ती कधी लिहिलीच नाही. ऑस्ट्रेलियातली एवढेच ठाऊक. गाव नाही, गोत नाही. अशांसाठी कॅनबेरात एक राष्ट्रीय विसावा बांधण्याची योजना २०२२ साली जाहीर झाली. ज्यांची तिथी माहीत नाही त्यांच्यासाठी आपण सर्वपित्री अमावास्या राखून ठेवली आहे, तसाच हा विचार. मात्र आपण तिथी विसरतो ती काळाच्या ओघात; या माणसांची नावे कोणीतरी पुसली आहेत. त्या विसाव्याच्या दारावर उद्या जी पाटी लागेल, ती कोणत्या प्रयोगात लिहिलेली आहे ते मी आधी वाचीन.